पेला निळा, हिरड्या लाल

१

"कुणीतरी मला सावकाश मारतंय," सर म्हणाले आणि त्यांनी हातातला रुमाल माझ्यापुढे धरला. त्यावर ताजं रक्त होतं. जखमेचं नव्हे, हिरड्यांचं.

सर म्हणजे एका मोठ्या प्रयोगशाळेचे निवृत्त प्रमुख. किडन्या थकल्यामुळे दिवसभर खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून असत, पण जीभ काही निवृत्त झाली नव्हती. मी खोलीत पाऊल टाकल्यापासून माझ्या चपलांना, माझ्या उशिराला आणि अख्ख्या पोलीस खात्याला त्यांनी एकेक टोमणा हाणून घेतला होता. मी त्याच खात्यातून निवृत्त झालेली बाई. गुन्हे शाखेत केस पिकवले, आता खासगी चौकशा करते. टोमणे गिळायचा माझा स्वभाव नाही, पण माझा भाचा शेजारी उभा होता म्हणून दात-ओठ खात गप्प बसले. भाचा सरांचा डॉक्टर. त्यानंच मला बोलावलं होतं.

"मावशी, ही स्कर्व्ही आहे," तो म्हणाला. "व्हिटॅमिन सी पोटात गेलं नाही की होते. हिरड्यांतून रक्त, पायांवर जांभळे डाग. आणि हे बघ, लहानपणच्या ऑपरेशनचा व्रण परत उसवायला लागलाय."

"मग घ्यायचं ना व्हिटॅमिन सी."

"तेच तर. सर रोज घेतात! किडन्यांमुळे फळं, पालेभाज्या बंद आहेत, म्हणून मीच चिमूटभर पावडर लिहून दिली. ती ते न चुकता पितात."

"नुसती पीत नाही, तपासून पितो," सर म्हणाले. "दुसऱ्यावर विसंबायची मला सवय नाही."

त्यांनी टेबलावरच्या डब्यातली पांढरी पावडर पेल्यातल्या पाण्यात ढवळली. एका छोट्या काचपात्रात बाटलीतले आपले थेंब सोडले आणि वरून जांभळ्या प्रकाशाची टॉर्च धरली. थेंब लालभडक चमकले. मग त्यांनी पेल्यातलं थोडं पाणी त्यात टाकलं. लाल रंग विरत गेला आणि निळा उजळला. इतका सुंदर निळा, की मीसुद्धा पुढे वाकले.

"सोनं," सर म्हणाले. "मोजक्या अणूंचे पुंजके, नॅनोक्लस्टर. व्हिटॅमिन सी भेटलं की रंग बदलतात. आज प्रत्येक दवाखान्यात माझे थेंब आहेत. बाळांच्या दुधाची पावडरसुद्धा ह्यांनीच पास होते."

ह्या थेंबांनी त्यांना नाव मिळवून दिलं होतं. भिंतीवर मानपत्रांना जागा उरली नव्हती.

"पेला निळा होतोय म्हणजे व्हिटॅमिन आहे," मी म्हटलं. "आणि हिरड्या म्हणतायत, नाही."

"ते तुम्ही शोधायचं. मला फक्त नाव द्या. सिस्टर असेल तर तुरुंगात घालीन. पोटचं पोर असलं तरी सोडणार नाही, ह्या शहरात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही." ते हे इतक्या चवीनं म्हणाले, की ह्या माणसाला बरं होण्यापेक्षा उट्टं काढण्याची जास्त घाई आहे हे माझ्या लक्षात आलं. मी ज्याचं नाव घेईन त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होणार होतं.

भाच्यानं तो डबा त्याच दिवशी बंद केला आणि इंजेक्शनं सुरू केली. थोड्याच दिवसांत हिरड्या सावरल्या. म्हणजे शरीर व्हिटॅमिन व्यवस्थित घेत होतं. खोट त्या निळ्या पेल्यातच होती.

२

सरांना सोडून घरात वावरणारी माणसं तीन. मुलगी घर सांभाळायची, सिस्टर दिवसा यायची आणि मुलगा जवळच राहायचा, पण त्याची ये-जा रोजची. डबा स्वयंपाकघराच्या फळीवर असायचा. हात कुणाचाही पोचत होता.

सिस्टर आधीच बिथरलेली होती. "मॅडम, मी केलं असतं तर कबूल केलं असतं," ती म्हणाली. "त्यांनी माझ्या अंगावर गरम चहा फेकलाय. पाण्यात बघतात मला. पण मी औषधात हात घालणारी नाही."

"पावडर कोण कालवायचं?"

"ते स्वतः. डबा फक्त ताई आणून द्यायच्या. ताईंचं विचाराल तर देवमाणूस हो. बाप जे जेवतो तेच जेवतात. पांढरा भात, अंडं, दुधात भिजवलेला ब्रेड. बापाला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून! मी माझ्या डब्यात संत्री आणते, कितीदा पुढे केली. एक फोड उचलली नाही कधी."

मुलगी खरोखरच तशी होती. पन्नाशीकडे झुकलेली, आवाज खालचा, हालचाल बेताची. जेवायला वाढून तिनं वडिलांसमोर बसून तोच बेचव भात संपवला. मग फळीवरून दुसरा, अगदी तसाच डबा काढला आणि स्वतःसाठी पावडर कालवून प्यायली. त्या डब्यावर नेलपॉलिशचा ठिपका होता.

"हा वेगळा का?" मी विचारलं.

"त्यांच्या डब्याला कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही."

सर तेवढ्यात पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिलाही एके काळी प्रयोगशाळेत घेतलं होतं. पेला धुता येत नव्हता." आणि हसले. मुलीनं ताटं उचलली आणि ती आत गेली.

मला तिची दया आली. ती उगाचच आली, हे पुढे कळलं.

मी दोन्ही डब्यांतली चिमूट-चिमूट पावडर घेतली आणि भाच्याबरोबर तपासली. दोन्ही पेले निळे झाले. सारखेच निळे. एक पिऊन बाप रक्त थुंकत होता आणि दुसरा पिऊन मुलगी ठणठणीत होती.

३

मुलगा डबाबंद मांसाच्या कारखान्यात व्यवस्थापक होता. वडिलांचं घर विकायचं म्हणून त्याचं त्यांच्याशी कडाक्याचं वाजलं होतं, आणि हे त्यानं स्वतःच सांगून टाकलं.

"सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही शोधून काढाल आणि वर मला लपवाछपवी करणारा ठरवाल," तो म्हणाला. त्यानं मला पांढरी टोपी दिली आणि कारखाना दाखवायला नेलं. थंडगार हॉल, ओली फरशी, लोखंडी टेबलांवर मांसाचे गुलाबी ढीग. एक कामगार त्या ढिगावर मोठ्या चमच्यानं पांढरी पावडर भुरभुरत होता.

"हे काय?"

"ह्यानं मांसाचा रंग टिकतो. नाहीतर काळं पडतं." त्यानं चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. "चाखा. आंबट आहे. हे व्हिटॅमिन सीचं जुळं भावंड म्हणा ना. तेच अणू, तितकेच, फक्त एका कोपऱ्यात उलटे वळलेले. स्वस्त पडतं."

"मग हेही व्हिटॅमिनच?"

"कुठलं! मांसाला चालतं, माणसाच्या अंगाला जवळजवळ काही उपयोग नाही. विषारीही नाही. आत येतं तसं बाहेर जातं."

भाच्याबरोबर तपासल्यापासून सरांच्या थेंबांची बाटली, काचपात्र आणि टॉर्च माझ्या पर्समध्येच होती. तो दोन वाक्यं बोलून पुढच्या टेबलाकडे वळला तोवर मी काचपात्रात थेंब सोडले, चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवून टाकली आणि टॉर्च लावली.

लाल विरला. निळा उजळला.

"अहो, असं कसं?" मुलगा मागे येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा साफ उतरला. "बाबांचे थेंब हे ओळखत नाहीत?"

४

पोलिसात असते तर त्याला तिथल्या तिथे उचलला असता. भांडण त्याचं, पावडर त्याच्या कारखान्यातली, घरात ये-जा त्याची. भाच्याचंही तेच मत पडलं.

"मावशी, सरळ आहे. त्यानं डबा बदलला."

"थांब जरा. नुसता त्रास द्यायचा असता तर कुणीही डब्यात कुठलीही आंबट पावडर भरली असती. पण सर रोज तपासतात, आणि हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सिस्टरला थेंबांचा धाक आहे. मुलाला तर जुळी पावडर निळी झाली ह्याचाच धक्का बसला, तू त्याचं तोंड बघायला हवं होतंस. ज्याचा थेंबांवर विश्वास आहे तो ही पावडर डब्यात भरायला धजेलच कसा? पहिल्याच सकाळी पकडला जाईन असं त्याला वाटणार."

"मग?"

"मग थेंबांवर विश्वास नसलेलं माणूस शोधायचं. थेंब फसतात हे आधीपासून माहीत असलेलं."

असं माणूस कोण, हे मुलानंच सांगितलं. त्याला वाटत होतं, तो बहिणीची बाजू मांडतोय. "ताई बाबांच्याच हाताखाली होती. थेंब तयार होत होते तेव्हा तिनं काहीतरी चूक दाखवली. बाबांनी भर सभेत सांगितलं, हिची भांडी मळकी होती, हिला पेला धुता येत नाही. सगळे हसले. नंतर लोक तिला 'मळका पेला' म्हणायला लागले. पदवी राहिली, नोकरी कुणी दिली नाही. तरी बघा, म्हातारपणी त्यांचं सगळं तीच करते."

मी सिस्टरला परत गाठलं. मला एकच गोष्ट खटकत होती. बापासमोर बसून बेचव भात खाणारी मुलगी मी समजू शकत होते. पण बाप समोर नसताना?

"सर मध्ये किडन्यांसाठी दवाखान्यात भरती होते, असं डॉक्टर म्हणाला. तेव्हा ताई घरी एकट्या काय जेवायच्या?"

सिस्टरनं आठवून पाहिलं. "तेच की. पांढरा भात, अंडं, दुधातला ब्रेड. दवाखान्यातल्या नर्सला विचारून घ्यायच्या, सरांना आज काय दिलं, आणि घरी तेवढंच घ्यायच्या. मी म्हटलं, ताई, आता तरी चार घास चवीचे खा, ते कुठे बघायला आहेत? तर नुसत्या हसल्या."

माया असती तर बाप समोर नसताना तिनं संत्रं सोललं असतं.

भाच्यानं दोन्ही डब्यांतली पावडर बाहेरच्या एका प्रयोगशाळेत पाठवली होती. तिथे पावडरीच्या पाण्यातून प्रकाश सोडतात, खरं व्हिटॅमिन तो उजवीकडे वळवतं आणि जुळं डावीकडे. त्याचा फोन आला तेव्हा मी सरांच्या दारातच उभी होते.

"मुलीच्या डब्यातलं उजवीकडे," तो म्हणाला. "सरांच्या डब्यातलं डावीकडे."

५

ती स्वयंपाकघरात पेला धूत होती. तीन वेळा विसळून तिनं तो पालथा ठेवला.

"दवाखान्यात ते होते तेव्हा तुम्ही तेच जेवत होतात," मी म्हटलं.

तिनं नळ बंद केला. "सिस्टर बोलली वाटतं."

"दोन शरीरं, एकच अन्न, दोन डबे. ही सेवा नव्हती. हा प्रयोग होता."

"प्रयोगाला तुलनेसाठी जोड लागते," ती म्हणाली. तिनं नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. उलट इतक्या वर्षांनी कुणीतरी कामाचं बोलतंय, अशा तरतरीनं ती माझ्याकडे वळली. "जोड नसती तर ते म्हणाले असते, वय झालं, किडन्या गेल्या, पचन बिघडलं. मला त्यांना पळायला एकही वाट ठेवायची नव्हती. तेच ताट, तसाच आंबट पेला, तसाच निळा रंग. फरक फक्त त्या एका उलट्या वळणाचा. आणि भांडी स्वच्छ होती, बरं का. ती त्यांनी स्वतः तपासलेली."

"पावडर भावाच्या कारखान्यातून आणलीत?"

"त्याला भेटायला जायचे तेव्हा. त्याला काही माहीत नाही."

"ते मेले असते."

"डॉक्टर येत-जात असतात. रक्त दिसलं की ओळखणार हे मला माहीत होतं. पण खोटं कशाला बोलू? थोडं उशिरा ओळखलं असतं तरी मला चाललं असतं."

मी पुष्कळ गुन्हेगार पाहिलेत. पश्चात्तापाचं नाटक करणारे बहुतेक. हिच्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं आणि पश्चात्तापही नव्हता.

"रोज सकाळी ते पेला निळा करायचे आणि मला हाक मारायचे. 'बघ' म्हणायचे. इतकी वर्षं, रोज. मी सांगितलं होतं, बाबा, थेंबांना जुळं ओळखता येत नाही, उद्या कुणी बाळांच्या दुधात हे स्वस्तातलं घालेल आणि आपण ते पास करू. त्यांनी मला मळकी ठरवलं. मग म्हटलं, बघूच. सूड म्हणा. मी दुसरा शब्द शोधत बसणार नाही."

"तुरुंगात जावं लागेल."

"त्याचीच वाट बघतेय!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्यांना तक्रार करू द्या. कोर्टात उभं राहून सांगू द्या, की माझ्या मुलीनं खोटी पावडर दिली आणि माझे थेंब ती ओळखू शकले नाहीत. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणावी लागतील. पहिलं म्हणायचं तर दुसऱ्यातून सुटका नाही."

मी जन्मात कुणाला माफ केलेलं नाही, त्यामुळे सूड मला समजतो. पण इतका हिशेबी सूड मी पाहिला नव्हता. मला तिची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं.

६

दुपारी मी सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं. मुलगा, सिस्टर, भाचा. मुलगी दाराशी उभी राहिली. मी काही न लपवता सांगितलं, डबे, जुळी पावडर, दवाखान्यातले ते दिवस, सगळं. मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टर "ताई!" म्हणून मटकन खाली बसली.

सर मात्र एकदाही दचकले नाहीत. ते पाहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्हाला अंदाज होताच," मी म्हटलं. "थेंब फसतात हे जगात दोघांनाच माहीत होतं. जिनं शोधलं ती आणि ज्यांनी दाबलं ते. तुम्हाला मी हवी होते ती नाव सिद्ध करायला. कारण मात्र तुम्हाला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं."

"तुमची फी घ्या आणि निघा," सर म्हणाले. "गुन्हा झालेलाच नाही. डब्यात व्हिटॅमिन सीच होतं. मी रोज तपासलंय. माझे थेंब चुकत नाहीत. बाहेरच्या प्रयोगशाळेनं काहीतरी घोळ घातलाय. भांडी मळकी असतील त्यांची."

"बाबा, तुम्ही ताईला वाचवताय," मुलगा म्हणाला.

ते ताईला वाचवत नव्हते. तक्रार नाही म्हणजे गुन्हा नाही, आणि गुन्हा नाही म्हणजे थेंब खरे. मुलीनं सगळ्या वाटा बुजवल्या होत्या, पण म्हातारा मायेचं सोंग घेऊन भिंतीतून बाहेर पडला होता. जमलेले सगळे त्याला दिलदार बाप समजून घरी गेले असते. मी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भर सभेत हसं झालं तेव्हा ती अशीच दिसली असणार.

मग ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती वडिलांचा डबा आणि पाण्याचा पेला घेऊन परत आली. सगळ्यांच्या देखत तिनं पावडर कालवली. थेंब सोडले, टॉर्च धरली. लाल विरला आणि निळा उजळला. पेला तिनं त्यांच्या हाताशी ठेवला.

"तुमच्या थेंबांनी पास केलंय, बाबा," ती म्हणाली. "ह्यात व्हिटॅमिन सी आहे, असं तुम्हीच आत्ता म्हणालात. आजपासून डॉक्टरांची इंजेक्शनं बंद करू. रोज हेच प्या, मी स्वतः कालवून देईन. ठरलं?"

सरांनी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. आम्ही सगळे बघत होतो आणि ते आमच्याकडे बघत होते. त्यांचा हात पायाकडे गेला, तिथले जांभळे डाग नुकते कुठे फिके पडत होते. एक पेला पिऊन त्यांना काही झालं नसतं. पण रोजचा पेला म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी पेला खाली ठेवला.

"हे नको," ते म्हणाले. आवाज जेमतेम ऐकू आला. "तुझ्या डब्यातलं दे."

मुलानं वडिलांकडे पाहिलं, मग निळ्या काचपात्राकडे, आणि त्याला सगळं एकदम कळलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"ऐकलंत ना?" मुलीनं मला विचारलं.

"ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी तक्रार केली नाही तरी डॉक्टर करेल, आणि साक्ष मी देईन. तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

"येते." ती भाच्याकडे वळली. "दवाखान्यांना आजच कळवाल? बाळांच्या पावडरीचं आधी."

भाचा फोन घेऊन बाहेर गेला. सर तिला हाका मारत होते, तिच्या घरातल्या लाडक्या नावानं. ती हाक मुलांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती, असं मुलगा मला नंतर म्हणाला. तिनं चपला घातल्या आणि मागे न बघता माझ्याबरोबर जिना उतरली.